बाटलीतल्या सासूबाई

३ मार्च
मेलं! सासूबाईंचं आफ्रिकन व्हायोलेट मेलं. एक पान तेवढं तग धरून आहे, बाकी चिखल. सासू-सासरे तीन महिने नणंदेकडे गेलेत, तिच्या बाळंतपणासाठी. निघताना सासूबाई म्हणाल्या, "लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला यांनी दिलंय गं, जप." जपलं — दिवसातून दोनदा पाणी घालून! लॅबमध्ये वर्षाला हजारो फुलझाडं वाढवणारी मी. घरची एक कुंडी सांभाळता आली नाही.

४ मार्च
नवरा म्हणतो, "बाजारातून दुसरं आण. आईला काय कळतंय!" भडकलेच. सासऱ्यांनी प्रेमानं दिलेलं झाड, आणि त्याच्या जागी तोतया? छे! तेच हवं.

५ मार्च
पान जेवणाच्या डब्यात लपवून लॅबमध्ये नेलं. बाईंचा नियम — घरचं झाड आत आणलं की नोकरी गेली. त्याच्यासोबत बुरशी येते आणि सगळ्या बाटल्या नासतात. लॅब बाईंचीच, त्यामुळे दाद मागायची सोय नाही. पान तीनदा धुतलं, नखाएवढे बारा तुकडे केले, बारा बाटल्यांत खाऊ घातलेल्या जेलीवर ठेवले; तुकड्यातून नवे कोंब फुटतात. वर चिठ्ठी — "सा. बा." इथल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या आणि कुंड्यांत खोचायच्या पट्ट्या मीच लिहिते, अक्षर बरं म्हणून. कुणाला संशय यायचा नाही.

१२ मार्च
सहा सासूबाईंना बुरशी.

१५ मार्च
आणखी पाच गेल्या! एकच उरल्यात, त्याही कडेनं तपकिरी. मास्कमधूनच पुटपुटले, "आई, लाज राखा हो." शेजारची मैत्रीण खुर्ची घेऊन लांब सरकली.

२९ एप्रिल
कोंब!! चाळीस तरी असतील. एवढ्या सासूबाई एका घरात मावायच्या नाहीत.

३० एप्रिल
पकडले गेले. बाईंनी बाटली उजेडात धरली. "सा. बा.? हे कुठलं वाण?" सगळं सांगून टाकलं. रडले पण. बाई कोंब निरखत राहिल्या. "अगदी आपल्या व्ही-१४सारखं दिसतंय," म्हणाल्या. असेल बापडं! झाडं बोटाएवढी झाली की इथून शेडवर कुंड्यांत जातात, तिथून बाजारात; सहा वर्षांत मी व्ही-१४चं फूलसुद्धा पाहिलेलं नाही. शिक्षा — ही बाटली घरी न्यायची आणि महिनाभर बाकीच्या घासायच्या. नोकरी वाचली!

२ जून
आले दोघं. बाटली सासूबाईंच्या हातात दिली आणि गुन्हा कबूल केला. त्या हसतच सुटल्या. सासरे आंघोळीला गेल्यावर मला गॅलरीत ओढलं. "अगं, मूळचं झाड दुसऱ्याच वर्षी मेलं. मेलं की हे गुपचूप दुसरं आणून ठेवतात. बोलू नकोस हं, त्यांना वाटतं मला कळत नाही." मग कुंडीतल्या वाळल्या मातीत बोट खुपसून एक पट्टी बाहेर काढली.

व्ही-१४. अक्षर माझं.