वांग्यात टांगलेली सीडी

आदरणीय आईस, सविनय जयभीम.

आम्ही गडचिरोलीत बरे आहोत. तुझ्या नातीचा, हर्षाचा नर्सिंगचा फॉर्म काल भरला, शेवटच्या तारखेच्या एक दिवस आधी. आता जीव थोडा करू नको.

प्रफुलनं दिलेल्या जुन्या कॉम्प्युटरात विंडोज नव्यानं टाकली आणि नेट बंद पडलं. नेटचं कार्ड चालवणारा ड्रायव्हर पुसला गेला होता, अन् तो उतरवायला नेटच लागते! दुकानदार म्हणे, नवा घ्या. मी डबा उघडून टॉर्चनं कार्डावरचा नंबर वाचला. हर्षानं त्या नंबराचा ड्रायव्हर मोबाईलवर उतरवून पेनड्राइव्हनं टाकला. पहिला बसला नाही, दुसरा बसला आणि फॉर्म गेला.

प्रफुलनं ड्रायव्हरची सीडी तुझ्याकडे ठेवली होती, पण ती तुझ्या वांग्याच्या वाफ्यात पाखरं हाकलायला टांगल्यानं उन्हात खराब झाली. त्यावरून आपण तिघं फोनवर असताना प्रफुल तुला बोलला, "आई, तुले काई समजते का?" तू म्हणालीस, "चुकलं बाबू माझं."

आई, ती सीडी हिवाळ्यात तुझ्याकडे आले तेव्हा मी टांगली होती. तुला ठाऊक असून तू आपल्यावर घेतलंस आणि मी फोनवर ऐकत गप्प बसले. रोज सकाळी पंचशील म्हणताना 'मुसावादा'जवळ, खोटं न बोलण्याच्या शीलाजवळ, जीभ अडते.

आज प्रफुलला खरं सांगितलं. म्हणाला, "मंग बाई, मले आईवर बोलू काऊन देल्लं?"

गुडघा कसा आहे? तेल लावतेस ना?

प्रफुल रविवारी वरोऱ्याला तुझ्याकडे येईल. त्याला काही बोलू नको. मी आले की मला बोल.

तुझी,
रोशनी