निवड फक्त पात्रतेवर

सोमवार, ३ जून
नगरपालिकेला नव्या वाचनालयासाठी आर्किटेक्ट नेमायचाय. अटी वाचून उडालोच. निवड फक्त पात्रतेवर! अनुभव, टीम, केलेली कामं. फीचं बोलणं नंतर, तेही पहिल्या नंबराशीच. आधी कोणी आकडा काढला की तो बाद. बावीस वर्षं स्वस्तात काम करणाऱ्यांनी माझ्या तोंडचा घास पळवला. आता बघतो एकेकाला.
बायको म्हणाली, हे शेवटचं. नाही मिळालं तर ऑफिस बंद आणि तिच्या भावाकडे नोकरी. हो म्हटलं. हो म्हणायला काय जातंय?

गुरुवार, ६ जून
फॉर्म. 'गेल्या दहा वर्षांतील पाच सार्वजनिक इमारती.' माझी एकच. बस स्टँडचं स्वच्छतागृह. पण काम खणखणीत. पाच बाजूंनी फोटो काढले.

शनिवार, ८ जून
टीम: मी आणि ड्राफ्ट्समन. तो मार्चमध्येच सोडून गेलाय. तरी फोन करून विचारलं, नाव घालू का. म्हणाला, साहेब, माझं नाव दुसऱ्या फर्मच्या अर्जात गेलंय. कृतघ्न! 'टीम लहान, पण एकजीव' असं लिहून टाकलं.

मंगळवार, १८ जून, दु. १२
मुलाखतीला बोलावलं! शेवटच्या तिघांत आहे. अर्जही तीनच आले होते, पण ते बायकोला सांगायची गरज नाही.

सोमवार, २४ जून, सकाळी ७
उद्या मुलाखत. कमी बोलायचं. हे आरशासमोर अर्धा तास बोलून पक्कं केलं.

मंगळवार, २५ जून
छान झाली. जवळजवळ.
निवड समितीत तिघे. अध्यक्षबाई स्वतः इंजिनिअर. पुस्तकांच्या वजनाचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. मी सांगत गेलो आणि त्या लिहून घेऊ लागल्या. माझं बोलणं कोणी लिहून घेतंय!
शेवटी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. नाही म्हणायचं होतं. पण समितीचे तिघेही माझ्याकडे बघत राहिले आणि माझा धीर सुटला. म्हटलं, बाकीच्यांपेक्षा दहा टक्के कमी घेईन.
जित्याची खोड. बाईंनी पेनाला टोपण लावलं.
एवढ्या तेवढ्यावरून कोणी बाद करत नाही.

शुक्रवार, २८ जून
बाद.
सोबत गुणतक्ता. स्वच्छतागृहालासुद्धा सहा गुण. एकूण बेरजेत मी पहिला होतो.
बायकोने तक्ता दोनदा वाचला. म्हणाली, म्हणजे तुला खरंच येतं की रे. मग तिच्या भावाला फोन लावून माझ्या हातात दिला.