लेन्समधला भंडारा

आप्पा, ती यात्रेवाल्या फोटोग्राफरची झूम लेन्स काल दुकानात परत आली. तेव्हाचा तो काळ्या कुळकुळीत केसांचा माणूस आता पांढरा झालाय. गुडघे धरत विश्रामबागेतल्या आपल्या दुकानाच्या दोन पायऱ्या चढला, लेन्स टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "ताई, तुमच्या आप्पांनी साफ केल्यापासनं वीस वर्षं हिच्याकडं बघाय लागलं न्हाई. काय हात होता! आता पोरगं टॉर्च मारून म्हणतंय, आत धूळ हाय." मी म्हटलं, टॉर्च मारल्यावर कुणाच्या आत धूळ दिसत नाही? हे तुमचंच वाक्य. मी ते गिऱ्हाइकांवर इतक्यांदा वापरलंय की आता माझंच वाटतं.

निम्म्या गावात हळदीची भुकटी उडते, त्या सांगलीत तुम्ही लेन्स दुरुस्तीचं दुकान टाकलंत. फौजेत दुर्बिणी दुरुस्त करून पेन्शनवर आलेला माणूस, कुंडलची शेती थोरल्या भावाच्या हवाली करून इथं आलात. "झूम म्हंजे लोहाराचा भाता," तुम्ही सांगायचात, "पुढंमागं केलं की हवा वढतो, आन् हवेसंगं धूळ." फोटोत डाग येत नाही तोवर लेन्स उघडायची नाही, हा तुमचा कायदा. आणि उघडायचीच झाली तर घरातल्या न्हाणीघरात. आधी कढत पाण्याच्या चार बादल्या भिंतींवर मारायच्या, वाफेबरोबर धूळ खाली बसू द्यायची, मग बनियन आणि खाकी हाफपँटवर आत शिरायचं, कारण टॉवेल म्हणजे धुळीची आई. कडीला फौजेतली टोपी अडकवली की घरातलं कुणीही पोट धरून आलं तरी दार उघडत नसे. संडास आतच. आई म्हणायची, "सरहद्दीवर गोळ्या परवडल्या, पर ह्यांची झूम नगं!"

मला तुम्ही आत घेतलंत ते मी कॉलेजात असताना. पहिल्याच दिवशी मी काचेवर तोंडानं फूं केलं आणि तुम्ही असं बघितलंत, जणू मी फौजेचं गुपित फोडून शत्रूला दिलंय. "फुंकर चहाला मारायची, काचेला न्हाई!" आठ दिवस बोलला नाहीत. नवव्या दिवशी बाळांचं नाक साफ करायचा रबरी फुगा औषधाच्या दुकानातून आणून माझ्या हातात दिलात. "हात हलका हाय तुजा. फकस्त तोंड आवर." माझ्या आयुष्यात एवढं कौतुक पुन्हा कुणी केलं नाही, नवऱ्यानंही नाही.

आणि मग ते साताऱ्याकडचं स्थळ. थोरल्या काकांनी आणलेलं, म्हणजे नाही म्हणायची सोयच नाही. मुलगा बरा होता, बँकेत होता. पण मध्यस्थानं आधीच सांगून ठेवलं होतं, "त्यांच्यात सुनांनी दुकानात बसायची पद्धत न्हाई." आई हरखली होती. तुम्ही मान खाली घालून स्क्रू मोजत होतात. मी तुमच्या तोंडाकडे बघत होते, एक शब्द बोलाल म्हणून. तुम्ही म्हणालात, "दादांचा शब्द हाय." झालं! माझा रबरी फुगा माळ्यावर जाणार, हे मला त्याच क्षणी कळलं आणि जेवण गेलं नाही.

रविवारी अकराला पाहुणे यायचे होते. दहाला हा फोटोग्राफर लेन्स घेऊन घरी आला. यात्रेत भंडारा उधळताना याची झूम आपली हवा ओढत होती, आत हळदीचे कण पिवळेजर्द. काचेच्या कडेला एक तर चांगला खसखशीएवढा होता. उद्याच लग्नाची ऑर्डर होती त्याची. तुम्ही लेन्स उजेडाला धरलीत, एकदा माझ्याकडे बघितलंत, आणि बादल्या भरायला लागलात.

अकराला पाहुणे दारात. एसटीनं आलेली मंडळी, हातपाय धुवायला पाणी द्यायचं तर कडीला टोपी! आई दार ठोठावतेय, "आवं, पाव्हणं आल्यात!" आतून आवाज, "ईस मिण्टं!" अर्ध्या तासानंही वीसच मिनिटं. मुलाचे वडील आधी नुसते पाय धुणार होते, पण चहा झाल्यावर त्यांची गरज वाढली. बसल्या जागी ते हळूहळू वाकडे व्हायला लागले. शेवटी त्यांना समोरच्या घरी पाठवलं, तिथल्या कुत्र्यानं त्यांच्या धोतराचा सोगा धरला. ते परत आले तेव्हा तुम्ही बनियनवर, घामानं निथळत, हातात लेन्स घेऊन बाहेर उभे. "रामराम. लय बारीक काम हुतं." ते म्हणाले, "तुमाला पोरीपरास दुर्बीण मोठी व्हय?" त्यावर तुम्ही शांतपणे, "दुर्बीण न्हाई. झूम." संपलं स्थळ. पोहे तसेच राहिले. काका वर्षभर बोलले नाहीत.

मी सुटले, पण तुम्ही नाही सुटलात. पुढे माझं लग्न झालं, दुकान माझ्या हाती आलं, तरी दर दिवाळीला तुमचं सुरू, "माज्या झूमपायी तुजं सोन्यासारखं स्थळ गेलं." दवाखान्यात शेवटच्या आठवड्यातसुद्धा नळ्यांमधून तेच. मी तुमचा हात धरून बसले होते, आणि तोंड आवरलं. तेव्हा आवरायला नको होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

तर काल मी ती लेन्स भिंगाखाली घेतली. तुम्ही उघडलेल्या प्रत्येक लेन्सच्या स्क्रूवर लाल ठिपका असतो, आईचं नेलपेंट. स्क्रू ढिला होऊ नये म्हणून तुम्ही लावायचात आणि बिचारीला एकदाही बोटाला लावायला मिळालं नाही. या लेन्सवर एकही ठिपका नाही. कंपनीतून आलेला रंग स्क्रूच्या खाचेत जसाच्या तसा, कुणी स्क्रू ड्रायव्हर टेकवलेलासुद्धा नाही. आणि काचेच्या कडेला तो खसखशीएवढा भंडारा, जागच्या जागी. गिऱ्हाईक वीस वर्षं तुमच्या हाताचं गुणगान गातंय, आणि तुम्ही लेन्स उघडलीच नव्हती! मग दीड तास आत काय करत होतात हो? पालथ्या बादलीवर बसून घाम गाळत होतात, भावाचा शब्दही मोडू नये आणि पोरगीही जाऊ नये म्हणून? मी भर दुकानात हसायला लागले आणि हसता हसता रडू कोसळलं. अहो आप्पा, मला सांगायचं तरी!

गिऱ्हाइकाला मी म्हटलं, उद्या या. आणि आज चार बादल्या मारून, टोपी कडीला अडकवून, पालथ्या बादलीवर बसून हे लिहितेय. लेन्स मांडीवर आहे, बंदच. फोटोत डाग येत नाही, मी बघितलंय. बाहेर नवरा दार ठोठावतोय, मी वीस मिनिटं म्हणून सांगितलंय. वाफेनं शाई पसरलीय, त्यामुळे हा कागद आता मलाच वाचता येईना, पाठवणं तर लांबच. पण एक गोष्ट राहिली. पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, शनिवारी, त्या फोटोग्राफरला फोन करून मीच म्हटलं होतं, दुकानात नको, उद्या दहाला घरी आणा, आप्पा मोकळे आहेत.