अमावास्येची तिकिटं

२४ ऑगस्ट २००९, सोमवार

अमृतरावांनी नवं काम दिलं. रोज परत परत करावी लागणारी कामं ट्रॅकरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या कामांच्या यादीत, आपोआप उघडली पाहिजेत. "हातानं तिकिटं उघडायचं बंद करून टाकू आता," म्हणाले. ऑफिस त्यांचं, कंपनी त्यांची. मी मान हलवली.

हातानं तिकिटं नाहिद उघडते. आमचं सॉफ्टवेअर अडत दुकानांत चालतं — हिंगोली, कळमनुरी, जवळा बाजार. रोज सकाळी ट्रॅकरमध्ये प्रत्येक दुकानाच्या नावानं एक तिकीट, म्हणजे कामाची नोंद : बॅकअप घेतला का? नाहिद तिकीट उघडते, मुनीमजींना फोन लावते, "हो" आलं की बंद करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

म्हणजे नाहिदला काढणार. सरळच आहे. बोलून कशाला दाखवतील!

२५ ऑगस्ट

पुण्यात मला काढलं तेव्हाही असंच झालं. आधी माझं काम प्रोग्रामला शिकवायला लावलं. मीच शिकवलं, मन लावून. मग मंदी आली. साहेबांनी बोलावून खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि घरी पाठवलं. तेव्हापासून हे असं आहे — बरंही वाटत नाही, वाईटही वाटत नाही. आई विचारते, अंगात कसर आहे का? कसर नाही. काहीच नाही. सकाळी पुसेगावहून बसनं हिंगोलीला ऑफिसात येतो, संध्याकाळी बसनं जातो.

२७ ऑगस्ट

नाहिदचे रोजे चालू आहेत. ओठ कोरडे, तरी दिवसभर फोनवर. दुपारी मी डबा उघडला तेव्हा सहज म्हणाली, "अब्बा म्हणून राहिले, नोकरी हाय तवर थांबू. नोकरी गेली की निकाह." पुढे काही बोलणार होती, पण फोन वाजला.

मी जेवलो. वांग्याची भाजी होती बहुतेक.

३१ ऑगस्ट

स्क्रिप्ट, म्हणजे तिकिटं उघडणारा छोटा प्रोग्राम, तयार. रोजची, सोमवारची, महिनाअखेरची, सगळी तिकिटं वेळेवर उघडतात.

राहिली ती अमावास्या. अमावास्येला मोंढा, म्हणजे सगळा धान्यबाजार, बंद, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. नाहिद त्या दिवशी तिकिटं उघडतच नाही. आमच्या ऑफिसात कॅलेंडरवर तिथी बघणारी ती एकटीच! एकदा मी तिला भटजीबुवा म्हणून चिडवलं होतं. खूप हसली होती. पण स्क्रिप्टला सांगितल्याशिवाय कळणार नाही.

मी सांगितलं नाही.

विसरलो नाही — मुद्दाम सोडलं. यंत्र तोंडावर आपटलं की अमृतराव नाहिदला ठेवून घेतील. हे ठरवताना भीती वाटायला हवी होती. वाटली नाही.

१ सप्टेंबर

चालू केली. तिकिटं उघडली, मुनिमांना आपोआप एसएमएस गेले. उत्तर आलं नाही तर तासाभरानं परत एसएमएस, मालकालाही. नाहिद खुर्ची ओढून बघत बसली. "या अल्ला! एवढं सगळं एका झटक्यात?" चेहरा नुसता फुलला होता. बिचारी.

८ सप्टेंबर

चालू आहे. तक्रार नाही.

१२ सप्टेंबर

नाहिदनं विचारलं, "हे लिहितेत कसं व्हो, परमेश्वरभाऊ? मलाबी दाखवा ना." नंतर बघू म्हणालो. जे आठवड्याभरात बंद पडणार ते काय दाखवायचं?

१८ सप्टेंबर, सर्वपित्री अमावास्या

रमजानचा शेवटचा जुमा म्हणून नाहिद सुट्टीवर. घरोघरी पितरांची ताटं. मोंढे बंद. आणि आमची तिकिटं मात्र वेळेवर! उत्तर कुणाचंच नाही. मग परत एसएमएस, मालकांना एसएमएस. मालक मुनिमांवर ओरडले, मुनीम आमच्यावर.

जवळा बाजारचे भावसिंग मुनीम फोनवर रडायच्या बेताला आले होते. "पितराला घास टाकायचा ऱ्हायला, सायेब! शेटजी म्हणले कंप्यूटरमधी कायतरी बिघडलं, पळ. आमावश्येला दुकानाचं कुलूप काढलं मी! काहून असं करून राहिले तुमी?" मी म्हणालो, चूक झाली. खरं तर चूक नव्हती. भावसिंगांच्या पितरांचा मी विचारच केला नव्हता.

१९ सप्टेंबर

अमृतरावांनी सगळ्यांसमोर स्क्रिप्ट बंद करायला लावली. "नको ते आपोआप! नाहिद, पहिल्यासारखं हातानंच कर तू." माझ्यावरही तोंडसुख घेतलं. खाली मान घालून ऐकून घेतलं.

नाहिद चेहरा पाडून फोनकडे वळली. रोजा असेल, थकली असेल. नोकरी वाचली तिची.

घरी येताना बसमध्ये भूक लागली! किती दिवसांनी.

२२ सप्टेंबर

काल ईद झाली. नाहिदनं डबाभर शिरखुर्मा आणला, टेबलावर ठेवला आणि निघून गेली. मी सगळा संपवला. गोड होता — गोड आहे हे जिभेला कळलं. बरं वाटलं. आपण एक चांगलं काम केलं, असं आज पहिल्यांदा वाटलं.

१ ऑक्टोबर

नाहिद तीन दिवस आली नाही. तिची तिकिटं मीच उघडतोय. कंटाळवाणं काम आहे. माणूस वेडं होईल.

५ ऑक्टोबर, सोमवार

अमृतरावांना विचारलं, नाहिद कधी येणार? म्हणाले, "न्हाई येत ती आता. निकाह ठरला." मी म्हणालो, पण नोकरी तर होती! "ह्या नोकरीला कटाळली व्हती ती, आपोआप बंद झाल्यावर सोडलीच. आपोआप तिकिटाची आयडिया तिचीच. मी म्हणलं व्हतं, महिनाभर बिनचूक चालू दे, तुला परमेश्वरच्या हाताखाली प्रोग्रामिंगला घेतो. पगार वाढला तर अजून दोन वर्षं थांबतो म्हणले व्हते तिचे अब्बा. तुला बोलली न्हाई का?"

दुपारी स्क्रिप्टमध्ये वर्षभराच्या अमावास्या टाकल्या. आता बिनचूक चालते.