काट्यावरची आरपार पाटी

८ नोव्हें. २००४
साखर कारखान्यात आमच्या वजनकाट्याच्या प्रोग्रॅमचा डेमो. पडद्यावर काट्यावरची उसाची गाडी, कॅमेऱ्यातून. तिच्यावर वजनाची पाटी. तिथले साहेब म्हणाले, "पाटीनं गाडी झाकतीया की. काचंगत करा." आमच्या मालकांनी, दादांनी, लगेच मान डोलावली. त्यांचं काय जातंय! काम माझ्याच गळ्यात.

९ नोव्हें.
पाटी आरपार केली की आकडेही फिके पडतात. दोन्ही वेगळं करायला वेळ हवा. दादा म्हणे, "भारी दिसतंय! ऱ्हाऊ दे." शाहूपुरीतल्या आमच्या हापिसात भारीच दिसतंय. उन्हात? विचारलं तर, "लई डोकं लावू नगंस."

१५ नोव्हें.
गाळप सुरू झालं. भर दुपारी मी काट्यावर होते. मागं वाळका पांढरट पाला, वर माझे फिके आकडे. मलाच दिसेनात! वजन अजून आपोआप नोंदीत उतरत नाही, काट्यावरचे तात्या पडद्यावर बघून टाइप करतात. हाताची सावली धरून मला विचारलं, "बाई, ह्यो तीन हाय का आठ?" मी वाकून बघेतो त्यांनी तीन मारला. होता आठ. गाडीवाला आधीच बाहेरच्या काट्यावर वजन करून आलेला. "काटा मारतोय ह्यो!" म्हणत तात्यांची कॉलरच धरली. माणसं गोळा झाली. मी ओरडून सांगत होते, कोण ऐकतंय.

१६
तात्यांना घरी बसवलं. चौकशी आहे. एवढी वर्षं काट्यावर काढली, नावाला डाग नव्हता. दादा बजावून गेले, "पाटीचं तोंडातनं काढायचं न्हाय. काम हातचं जाईल." आणि पाटी गपचूप पहिल्यासारखी पक्की करायला लावली, आरपार नाही. केली मी. लाज वाटतेय. पण दुसरी नोकरी कुठं आहे…

१८, कारखाना
चौकशी चालू. चहाला उठलेत, बाहेर पायरीवर बसून लिहितेय. मीच प्रोग्रॅम उघडून दाखवला. आकडे खणखणीत. साहेब तात्यांना म्हणाले, "एवढं ढळढळीत दिसतंय, डोळं हायत का न्हाईत?"  तात्या माझ्याकडं वळून,
"बाई, तुमी व्हता की तिथं. सांगा न्हवं."
दादा मागंच उभे. मी काही बोलायच्या आत, "च्या घिऊया आदी, साहेब."
पाटी परत फिकी करून साहेबांना दाखवायला एक क्लिक पुरे.  आत बोलावतायत.