वर्ग वाचवायला पाचजण

सिंगापूर,
५ ऑक्टोबर २०२५

ती. मधुराताईस,
मंदारचा सा. न. वि. वि.

कामगारांच्या डॉर्मच्या खोलीत आम्ही बाराजण असतो. फोनवर मनातलं बोलता येत नाही, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतो आहे.

इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षपदाची निवडणूक आली. इथे आधी मंडळातल्या मंडळात एक फेरी होते, तीत उमेदवार ठरतो. समोर दुसरं पॅनेलच नाही, म्हणजे या फेरीत ज्याला जास्त मतं, तोच अध्यक्ष. सहाजण उभे आहेत. एक अनिमेष सर, कॉन्डोत म्हणजे महागड्या सोसायटीत राहणारे, मोठ्या हुद्द्यावरचे. त्यांचं म्हणणं, बेडोक भागातली मंडळाची खोली सभासदांच्या कुटुंबांसाठीच असावी. म्हणजे शिपयार्डात काम करणाऱ्या आम्हा पोरांचा तिथला रविवारचा इंग्रजीचा वर्ग बंद. बाकी पाचजण म्हणतात, वर्ग चालू राहावा. त्यात आपले निशिकांतकाका, ज्यांनी तो सुरू केला, आणि स्मितावहिनी, ज्या आम्हाला शिकवतात.

आम्हा डॉर्मवाल्यांना मत नाही. जानेवारीत माझी सुपरवायझरची परीक्षा. पेपर इंग्रजीत. नापास झालो तर मार्चमध्ये परमिट संपलं की घरी. मला सारखं वाटतं, पाचांत मतं वाटली जातील. काकांना बोललो, तर ते म्हणाले, मंद्या, तू वेल्डिंग कर, राजकारण आमच्यावर सोड.

आईला गुडघ्याचं औषध वेळेवर दे. तुझी माया अशीच असू दे.

तुझा,
मंदार

दापोली,
१२ ऑक्टोबर २०२५

चि. मंदार यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. एक खाडाखोड नाही! बारावीत असं लिहिलं असतंस तर आज शिपयार्डात ठिणग्या खात नसतास. रागावू नकोस, थोरल्या बहिणीला एवढा हक्क आहे.

अरे, पाचांना एकत्र आणणं तुझ्या आवाक्यातलं नाही. पण काका आणि वहिनी दोघांनाही वर्ग हवा आहे, तर एकाने मागे व्हावं. हे फोनवर होत नाही, घरी जाऊन होतं. दिवाळी तोंडावर आहे. फराळाच्या निमित्ताने काकांना वहिनींकडे घेऊन जा. चकली तोंडात असताना माणूस फार भांडत नाही.

आई म्हणते, जेवणाची आबाळ करू नकोस. जपून राहा, लोभ आहेच.

ताई

सिंगापूर,
२५ ऑक्टोबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्याप्रमाणे केलं, पण उलटंच झालं. काका म्हणाले, मी वयाने मोठा, आधी तिने यायचं. शेवटी काकूंनी डबा भरला आणि तो माझ्या हाती दिला. मी एकटाच एमआरटीने, इथल्या मेट्रोने, सेंगकांगला वहिनींच्या घरी गेलो.

वहिनींनी चहा दिला, माझा निबंध तपासला. मग म्हणाल्या, फराळ पोराच्या हाती पाठवला, स्वतःला चार स्टेशनं येववलं नाही का? काका घरी येऊन एक शब्द बोलले असते तर मी त्याच दिवशी नाव मागे घेतलं असतं, असंही म्हणाल्या. रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यात शंकरपाळे भरले, आणि काकांना म्हणावं, एकदा या, असा निरोप दिला.

मी शब्दन् शब्द काकांना सांगितला. ते हसले. म्हणाले, "एकदा या" हे सगळेच म्हणतात, तो निरोप नव्हे. आणि भरलेला डबा लगेच परत आला म्हणजे हिने फिटंफाट केली. मी म्हटलं, काका, त्या खरंच मागे होतील. त्यावर त्यांनी मला शंकरपाळा दिला.

तू काकांना एक पत्र लिहिशील का? बाबांच्या बोटीवरचे मित्र, तुझं ऐकतील. मला झोप नीट लागत नाही.

तुझा,
मंदार

सिंगापूर,
२९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. मधुरास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बापाचं वळण आहे, थेट मुद्द्यावर येतेस. पण बेटा, इथली हवा तुला तिथून कळायची नाही. वर्ग मी उभा केला. तो वाचवायला मीच मागे हटलो, तर लोक काय म्हणतील? स्मिता हुशार आहे, पण तिला कोण मत देणार? तिने घरी येऊन, काका, तुम्ही लढा, असं म्हटलं असतं तर तिला उपाध्यक्ष केली असती. अजूनही येईल. मी शनिवारी घरीच आहे.

मंदारची काळजी करू नकोस. माझ्या मुलासारखा आहे. सर्वांना आशीर्वाद, स्नेह राहावा.

तुझा,
निशिकांतकाका

सिंगापूर,
३ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल निकाल लागला. शंभर मतं पडली. अनिमेष सरांना एकतीस, काकांना एकवीस, स्मितावहिनींना अठरा, उरलेली तीस बाकीच्या तिघांत. बेरीज तूच कर, मी पुन्हा पुन्हा करून दमलो.

अनिमेष सर वाईट बोलले नाहीत. मला नावाने हाक मारली आणि म्हणाले, या रविवारपासून खोलीत मुलांचं नाट्यशिबिर आहे, तुम्ही मंडळी दुसरी जागा बघा. डॉर्ममध्ये बाहेरच्या शिक्षकाला येऊ देत नाहीत. वहिनी दारात उभ्या होत्या. माझ्याकडे दोन पावलं आल्या, आणि लिफ्टकडे वळल्या.

संध्याकाळी काकांनी घरी बोलावलं. मला वाटलं, खचले असतील. तर काकूंना शिरा करायला लावला होता. मला मिठी मारून म्हणाले, मंद्या, बघितलंस? स्मितापेक्षा तीन जास्त! सांगत होतो ना, तिला कोण मत देणार? मग माझं अक्षर चांगलं आणि शुद्धलेखन चोख म्हणून सभासदांसाठी आभाराचं पत्र माझ्याकडून लिहून घेतलं. त्यात त्यांनी सांगितलं ते असं, की वर्गासाठी मी पुढच्या निवडणुकीतही ठामपणे उभा राहीन. पुढची निवडणूक दोन वर्षांनी. मी ते वाक्य सुवाच्य लिहिलं, एकही चूक होऊ दिली नाही, आणि शिरा खाऊन परतलो.

मार्चचं आईला एवढ्यात सांगू नकोस. मी आल्यावर सांगेन. तोवर लोभ कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
मंदार