घोगरी घंटा

१ डिसेंबर १९९६
सेंट ऑबिनला बोलावणं आलं! आपल्या गावच्या श्रिम्प बाउलमध्ये, नववर्षाच्या अमेरिकन फुटबॉल सामन्यात, आपलंच कॉलेज खेळणार. पन्नासाव्या वर्षी, पहिल्यांदाच! रविवारच्या मिस्सेनंतर फादरनी चर्चची घंटा दहा मिनिटं थांबवली नाही. मी सत्तावन्न वर्षांची बाई अंगणात एकटीच नाचले.

४ डिसेंबर
पहिला सामना डोळ्यांपुढून हलत नाही. कोळंबीच्या कारखान्यामागचं मैदान, बसायला चर्चचे बाक, जेमतेम नऊशे माणसं. गावात हॉटेल नव्हतं, म्हणून पाहुणे खेळाडू घराघरांत उतरवले. कॉन्व्हेंटच्या सिस्टर पर्पेतुआने प्रत्येक घराला एकेक हातघंटा दिली. कुठून जमवल्या देव जाणे! "घरापासून लांब आलेली पोरं आहेत. तुमच्या पाहुण्याने गुण मिळवला की वाजवा. आपल्याकडे कुणीतरी बघतंय, एवढं कळू दे त्याला."
आता तीस हजार माणसं बसतात, टीव्हीवाले येतात, बंदरावर सहा हॉटेलं झाली. पण पाहुणा अजून घरातच, आणि घंटा मांडीवर!

२७ डिसेंबर
कोळंबीच्या टोपलीतून चिठ्ठ्या काढल्या. माझ्या वाट्याला प्रेअरी कॉलेजचा लायल हॅल्वोर्सन — त्यांचा किक मारणारा. बर्फातून आलेला, दारात वाकून शिरतो. आमच्या तिखट, रस्सेदार गंबोचा पहिला घोट घेतला आणि डोळ्यांतून धारा! "मॅम, हे सूप आहे की शिक्षा?" मग तीनदा वाढून घेतलं.
त्याला माझी लहानपणची खोली दिली. १९५२ च्या नववर्षाच्या सामन्याला वेंडेलही तिथेच उतरला होता. मी बारा वर्षांची. मला आठवडाभर स्वयंपाकघरात खाट. एक शब्द बोलले नाही त्याच्याशी! दहा वर्षांनी नोकरीने त्याला परत याच गावात आणलं, आणि मी त्याच्याशी लग्न केलं. त्याला जाऊन तीन वर्षं झाली.

२९ डिसेंबर
शेजारची इर्मा पक्कड घेऊन आली! "यंदा सगळ्यांच्याच घरी समोरच्या संघाची पोरं. म्हणून सगळ्या घंटांचे लोलक काढतोय. हलवायची, पण आवाज नाही. पद्धतही राहिली, गावही राहिलं."
"माझ्या घंटेला हात लावू नकोस."
"अगं, तुझा तो ताडमाड आपल्याला हरवेल आणि तू घंटा बडवत बसशील?"
"पक्कड खाली ठेव, इर्मा."
"तुला काय, तिखट खाऊन रडला म्हणून दत्तक घेतलंस का त्याला?"
मी हसले नाही. घंटा छातीशी धरली. आईची घंटा ही. हिचा मूळचा लोलक १९५२ मध्येच हरवला. बाबांनी नंतर बोटीचा एक बोल्ट टांगला. तेव्हापासून आवाज घोगरा.

३० डिसेंबर
बेकरीत कुणी माझ्याकडे बघेना. इर्माने बातमी पोचवली तर!

३१ डिसेंबर
काय ती मिरवणूक! चाळीस रथ, सगळ्यात पुढे फुलांनी मढवलेली कोळंबीची बोट, मागून सेंट ऑबिनचे ढोल! ओरडून घसा बसला.
लायलने विचारलं, "तुमचे मिस्टर इथे खेळले होते ना?"
खेळला, आणि जिंकवलंही. शेवटच्या मिनिटाला चेंडू पोटाशी धरून धावला, रेषा ओलांडली, वळून माझ्या आईकडे पाहिलं. घंटा वाजली नाही. "तुमच्या घराला मी नकोसा होतो," एवढंच एकदा म्हणाला, तेही हसत. पण एकतीस वर्षांच्या संसारात सामन्याला कधी आला नाही. दर सामन्याच्या दिवशी शिडी लावून छपराची पन्हळ साफ करायचा.
लायलला इतकंच सांगितलं — "हो. फार चांगलं खेळला."

१ जानेवारी १९९७
छाती अजून धडधडतेय! शेवटचे सात सेकंद. आम्ही एका गुणाने पुढे. मी सेंट ऑबिनचा लाल स्कार्फ गळ्यात घालून देवाचा धावा करत होते — आज जिंकू दे, पन्नास वर्षं वाट पाहिलीय! आणि समोर लायल, चेंडूपासून तीन पावलं मागे.
इर्मा कानात म्हणाली, "युलाली, अजून वेळ आहे. दे ती इकडे."
चेंडू उडाला. दोन खांबांच्या बरोबर मधून. सामना त्यांचा.
गाव गप्प झालं. तीस हजार माणसं, आणि टाचणी पडली तरी ऐकू यावी! लायलने वळून बाकांकडे पाहिलं.
मी उभी राहिले. रडत होते, आणि वाजवत होते. खांद्यातून कळ येईपर्यंत वाजवली. लायलने शिरस्त्राण काढून वर केलं.
इर्मा एकटीच घरी गेली.

२ जानेवारी
लायल सकाळी गेला. घर रिकामं.
लोलक हरवला नव्हता. मी काढला होता, वेंडेलने माझी खोली घेतली म्हणून. आई हात दुखेपर्यंत मुकी घंटा हलवत राहिली, आणि मी शेजारी बसून पाहिलं.
शिवणाच्या डब्यात आहे, बटणांखाली. वेंडेलला कधीच सांगितलं नाही.